नीलम्माचं पिल्लू

१

मी मांजरांची चित्रं काढते. तशी कुत्र्यांची, पोपटांची काढते, सात रस्त्याजवळच्या एका वकिलांच्या कासवाचंही काढलंय, पण गावात मला ओळखतात ते मांजरवाल्या बाई म्हणून. धम्मप्रिया हे नाव आईवडिलांनी हौसेनं ठेवलं होतं, ते आता फक्त लाइटबिलावर येतं.

फोटोवरून काढत नाही, हा माझा खाक्या. मी घरी जाते, जमिनीवर बसते आणि जनावराकडे पाठ करते. लोकांना हे विचित्र वाटतं. पण लाजऱ्या मांजराकडे तुम्ही बघितलंत की ते पलंगाखाली गेलंच म्हणून समजा, आणि हाक मारलीत तर आणखी आत जातं. म्हणून बघायचं नाही, बोलायचं नाही. एक हात मागे सोडायचा, तळवा वर, आणि आपण दुसरंच काहीतरी करत बसायचं. मी पेन्सिल गुडघ्यांत धरून एका हातानं तिला टोक काढते. कधीतरी बोटांना ओलं नाक लागतं आणि मग पुढचं सगळं सोपं असतं. अवघड असतात ते मालक. आमचा मोती जरा बारीक दाखवा म्हणणारे असतात, आणि मांजराच्या शेजारी सुनेला बसवा पण मांजर मोठं काढा म्हणणाऱ्याही असतात.

नीलम्माचा फोन आला तेव्हा मी अशाच एका मोतीला बारीक करत होते.

"लपलेल्याला भाईर काडती ती तूच का ग?" पलीकडून म्हातारा, खरखरीत आवाज आला. आमच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातलं ते तेलुगू वळणाचं मराठी. "गुरप्पा मास्तरची मांजर माळ्यावरनं खाली येत नव्हती, ती तुज्या हातात आली म्हनं."

"मीच ती. काय काम होतं, अम्मा?"

"माज्या पिल्लाचं चित्र काडून दे. पोरगा घर सोडतोय, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतलाय. ते माज्यासंगं येतंय का न्हाय, ठावं न्हाय. माजी नजर बी चाललीय. एकदा नीट बगू दे मला."

मांजर माणसापेक्षा घराला जास्त धरून असतं, आणि घर बदलताना म्हाताऱ्या माणसांच्या जिवाला तो घोर लागतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिलेलं. मला त्या आवाजाची दया आली. शिवाय सोलापुरात वाढलेल्या माणसाला थोडं कन्नड, थोडं तेलुगू येतं, निदान येतं असं वाटतं. पिल्लि म्हणजे मांजर, हे मला शाळेपासून माहीत होतं. त्यातून मराठीत पिल्लू आहेच. शंकेला जागा नव्हती. उद्या येते म्हणून मी फोन ठेवला.

२

घर जुनं, बसकं, दोन्ही बाजूंना यंत्रमागाचे कारखाने. गल्लीत शिरल्यापासून तो खडखडाट पायातून वर चढतो आणि थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो. नीलम्मा उंबऱ्यातच बसली होती. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू. आयुष्यभर विड्या वळलेली बोटं मोकळी असतानाही हलत होती. मुलगा अमरेश कामावर गेला होता.

तिनं मला आतल्या खोलीत नेलं. तिथे पूर्वी हातमाग होता. माग कधीच विकला, पण त्याचा खड्डा तसाच होता. विणणारा काठावर बसून ज्यात पाय सोडतो, तो. त्यावर एक फळी टाकलेली होती आणि एका टोकाला हात जाईल एवढी फट होती.

"तितं असतंय," नीलम्मा म्हणाली.

मी वही काढली. "रंग कसा?"

"काळं."

"डोळे?"

"मोटे. टकामका बगतंय."

"खातं काय?"

"दूद. बिस्कीट दिलं तर बिस्कीट."

"नखं लावतं का? आधी सांगा, मी हात सोडून बसणार आहे."

"राग आला तर वरबाडतंय की," ती कौतुकानं म्हणाली. "पर तसं गुणी हाय. कारखान्याचा भोंगा झाला की भितंय."

"तुमच्याजवळ झोपतं?"

तिचा चेहरा पडला. "न्हाय ग. माज्याजवळ येतच न्हाय. मी फळी काडून बगते, हाका मारते, तर आत आत जातंय. लई वर्सं झाली."

मी लिहून घेतलं. लई वर्षं म्हणजे मांजर म्हातारं असणार. त्याला ही अजून पिल्लूच म्हणते, पण ते सगळेच म्हणतात.

नीलम्मा बाहेर गेली. मी फळीकडे पाठ करून बसले आणि हात मागे सोडला. तेवढ्यात भिंतीशी ठेवलेला स्टीलचा छोटा पेला दिसला. दुधाचा होता, रिकामा. आतून साय चिकटलेली आणि काठावर एका जागी पुसल्यासारखी झालेली. मला जरा गंमत वाटली. मांजराला कुणी पेल्यात दूध देत नाही, त्याचं तोंडच आत जात नाही. मग म्हटलं, पेला म्हातारीचाच असेल. मांजराची बशी खाली असेल.

पेन्सिलीला टोक काढत असताना लाइट गेली. दोन्हीकडचे माग एकदम थांबले आणि सगळी गल्ली गप्प झाली. त्या शांततेत मागून फळी सरकल्याचा आवाज आला. अगदी हळू, कुणी झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून सरकवावी तसा. मी मान वळवली नाही. ही माझी सवय आहे, तिच्यावर माझं पोट चालतं.

तळहाताला श्वास लागला. गरम, कोरडा. नाक लागेल म्हणून मी वाट बघत राहिले, पण नाक लागलं नाही. नुसता श्वास येत होता, आणि मांजराच्या मानानं तो फार सावकाश होता. मग लाइट आली, माग सुरू झाले आणि हात रिकामा झाला.

३

घरी माझा ढब्बू आहे. बोका, वजनदार आणि मत्सरी. मी दुसऱ्या जनावराला हात लावून आले की तो माझा हात हुंगतो, फिस्कारतो आणि संध्याकाळपर्यंत तोंड फिरवून बसतो. त्या दिवशी त्यानं हात हुंगला, पुन्हा हुंगला आणि मांडीत येऊन झोपला. बिचारा म्हातारा झाला, असं मी मनाशी म्हटलं. पण दुसऱ्याच दिवशी शेजारची मनी मला घासून गेली तेव्हा त्यानं घर डोक्यावर घेतलं.

चित्र सुरू केलं. काळं मांजर काढणं मला जड नाही. अंग जमलं, कान जमले, शेपटी पायाशी गुंडाळली. अडलं ते डोळ्यांशी. मांजराच्या डोळ्यातली बाहुली उभी, चिरीसारखी असते. मी ती काढत होते आणि ती गोल होत होती. पुसून पुन्हा काढली, पुन्हा गोल. खड्ड्यात अंधार असतो, अंधारात मांजराची बाहुली गोलच होते, म्हणजे हात बरोबर होता आणि मीच उगाच घोळ घालत होते. हे कारण चांगलं होतं. तरी चित्राकडे बघवेना. मी त्याच्यावर जुना टॉवेल टाकला.

आमच्या घरात भुताखेताचं नाव काढायची सोय नव्हती. बाबा रेल्वेत होते, पक्के बुद्धिवादी. अंधाराची भीती वाटते म्हटलं की ते हातात टॉर्च देऊन अंगणात पाठवायचे आणि काय काय दिसलं ते मोठ्यानं सांगायला लावायचे. जास्वंद, सायकल, बादली. मला त्या संध्याकाळी त्यांची फार आठवण आली. मी स्वतःला सगळं मोठ्यानं सांगून पाहिलं. पेला, श्वास, बाहुली. तीन साध्या गोष्टी होत्या आणि प्रत्येकीला कारण होतं.

डोळे काढण्यापुरतं एकदा बघायचं आणि काम संपवायचं, असं ठरवून मी परत गेले.

४

या वेळी नीलम्मानं चहा दिला. बाहेरच्या खोलीत भांड्यांची पोती बांधून ठेवलेली होती. खड्डा सोमवारी बुजवणार, जागा बिल्डरला दिली, असं तिनं सांगितलं.

मी जागेवर बसले, हात सोडला. माग चालू होते, त्यामुळे फळीचा आवाज आला असेल तरी मला कळला नाही. एकदम बोट धरलं गेलं.

मांजर पंजा ठेवतं. बोका कधी बोट तोंडात धरतो. पण हे तसं नव्हतं. माझ्या करंगळीशेजारच्या बोटाभोवती लहान बोटं एकामागून एक मिटली आणि अंगठा वर येऊन बसला. गर्दीत चालताना मूल धरतं तसं. कातडी कोरडी होती, सैल होती. पकड मात्र घट्ट होती.

मी ओरडले नाही. ओरडावंसं फार वाटत होतं, घशात आवाज तयारही होता. पण इतक्या वर्षांची सवय, आपण दचकलो की ते घाबरतं. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत शक्य तेवढ्या साध्या आवाजात म्हटलं, "अम्मा, तुमचं पिल्लि..."

बोट सुटलं.

नीलम्मा दारात आली आणि हसली. "पिल्लि? पिल्लि कुटलं ग? मांजर कदी पाळलंच न्हाय आमी. पिल्ला. पोरगी. माजी पोरगी."

मी कशी उठले, बाहेर कशी आले, ते मला आठवत नाही. अमरेश तेवढ्यात मोटरसायकल लावत होता. पन्नाशीचा, घामेजलेला, सभ्य माणूस. माझं तोंड बघून त्याला सगळं कळलं असावं.

"आईनं तुम्हालाही बोलावलं होय," तो ओशाळून म्हणाला. "माफ करा मॅडम. तेलुगूत पिल्ला म्हणजे मुलगी. आणि आमच्यात ती आणि ते यांना शब्द एकच. म्हणून आई मराठीतपण बरेचदा तिला ते म्हणते. तुमचा घोटाळा झाला असणार."

"कोण मुलगी?"

"माझी अक्का. मी व्हायच्या आधीच गेली. ताप होता. कंपाउंडर सुई द्यायला आला, तर भिऊन मागाच्या खड्ड्यात लपली. आई ओढायला गेली की आणखी आत सरकायची." त्यानं किल्ली काढून खिशात टाकली. "फोटोबिटो काही नाही. नावपण शाळेत घालताना ठेवू म्हणून राहिलं होतं. पिल्लाच म्हणायचे सगळे."

"तिथे खाली काहीतरी आहे," मी म्हटलं.

"घुशी आहेत हो," तो चटकन म्हणाला. "जुन्या मागांखाली असतातच. मीच पकडल्यात."

घुशीला अंगठा नसतो, असं मी म्हणणार होते. पण त्याच्या डोळ्यांत इतकी विनवणी होती की मी चपला घालायला लागले.

निघताना नीलम्मानं माझा हात धरला आणि हुंगला, अगदी माझा ढब्बू हुंगतो तसा. मग डोळ्यांना लावला. "तुज्याकडं आली," ती म्हणाली. "तुजा हात धरला तिनं. एवडी वर्सं मी बसले, तर मला एकदा बी न्हाय. मी गेल्यावर खड्डा बुजवतील ग. ती आतच ऱ्हाईल. तिला कोन सांगंल, घर बदललं म्हणून?"

५

चित्र होणार नाही, एवढं फोनवर कळवून मोकळं होता आलं असतं. मी तसं ठरवलंही. भीती वाटत होती आणि ती मी काही लपवणार नाही. दोन दिवस मी डावा हात पांघरुणाबाहेर ठेवला नाही.

पण सोमवार जवळ येत गेला तसं एकच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. मी फळी काडून बगते, हाका मारते, तर आत आत जातंय. आयुष्यभर ही बाई त्या खड्ड्यात वाकून बघत आली होती. मायेनंच बघत होती. आणि कुणाकडे कसं बघू नये, हे उभ्या सोलापुरात मलाच माहीत होतं.

मुलगी आहे असं मी मानत नव्हते. नाही असंही मला म्हणता येत नव्हतं. मी पेन्सिली घेतल्या आणि निघाले.

६

दारात टेम्पो उभा होता. अमरेश आणि हमाल कपाट चढवत होते. मी त्याला म्हटलं, थोडा वेळ आत कुणी येऊ नका. त्यानं हमालांना बाहेरच थांबवलं.

खोली रिकामी झाली होती, त्यामुळे मोठी वाटत होती. मी नीलम्माला खड्ड्याकडे पाठ करून बसवलं. तिचा उजवा हात मागे घेतला, तळवा वर केला.

"आता वळायचं नाही, अम्मा. हाक मारायची नाही. ती नाहीच असं समजायचं."

"न्हायच असं कसं समजू?" ती रडकुंडीला आली.

"मग माझ्याकडे बघा. मी तुमचं चित्र काढते."

मी तिच्यासमोर बसले. म्हणजे खड्डा आता माझ्या समोर आला, तिच्या खांद्यामागे. मी पाठ करून बसू शकत नव्हते, कारण तिला धरून ठेवायला कुणीतरी समोर हवं होतं. मी नजर कागदावर ठेवली आणि फक्त तिच्या चेहऱ्यापुरती वर करत राहिले. कपाळ काढलं. नाक काढलं, बसकं, रुंद. तिची मान सारखी वळायला बघायची आणि मी म्हणायची, अम्मा, इकडे, हनुवटी जरा वर. एखाद्या हट्टी कुत्र्याला बसवावं तसं मी तिला बसवून ठेवलं. बराच वेळ काहीही झालं नाही. माझ्या मनात आलं, घुशीच असतील आणि आपण दोघी वेड्या.

लाइट गेली. माग थांबले. बाहेर हमाल काहीतरी बोलत होते, तेही गप्प झाले.

फळी सरकली.

मी कागदाकडे बघत होते. कागदावर नीलम्माचे ओठ अर्धे काढलेले होते. वर बघितलं तर खरे ओठ थरथरत होते. तिचे डोळे माझ्यावर खिळलेले, पाण्यानं भरलेले. वळू नये म्हणून तिनं मान इतकी ताठ केली होती की गळ्याच्या शिरा दिसत होत्या.

"धरला," ती पुटपुटली. "हात धरला ग."

मला रडू आलं. भीती होती ती होतीच, पण रडू त्याच्याही वर आलं.

"मी न्हाय बगत," नीलम्मा म्हणाली. "शपत, न्हाय बगत. तू बग. कशी दिसती, एवडं सांग मला."

बघितलं तर ती जाईल. नाही बघितलं तर या बाईला कधीच कळणार नाही. मी कागद नाकापर्यंत वर धरला आणि त्याच्या काठावरून डोळे वर केले. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ.

नीलम्माच्या तळव्यात एक हात होता. अजून शाळेत न घातलेल्या मुलीचा असावा एवढाच, पण सुरकुतलेला, पाठीवर डाग पडलेला, शिरा वर आलेल्या. फळीच्या फटीतून एक लहानसं डोकं वर आलं होतं, त्या हातावर वाकलेलं. मधोमध भांग, दोन छोट्या वेण्या, टोकाला मागाचा लाल दोरा. केस सगळे पांढरे होते. तोंड मला दिसलं नाही. ती तोंड वर करणार असं वाटलं आणि मी डोळे मिटून घेतले.

"कशी हाय ग?" नीलम्मानं विचारलं.

मी डोळे मिटूनच होते. ती एकटीच त्या अंधारात म्हातारी होत गेली, हे आईला कसं सांगायचं, मला कळत नव्हतं.

"तुमच्यासारखी दिसते, अम्मा," मी म्हटलं.

नीलम्मा हसली. रडता रडता हसली. "माज्यासारखी? म्हंजे नाक चपटं. तिच्या बापाला वाटायचं, त्याच्यावर जाईल." मग मागे न वळता ती हळूच म्हणाली, "चल, पिल्ला. घर बदललंय आपलं."

ती गुडघ्यावर एक हात टेकून उठली. दुसरा हात मागेच होता. "तू म्होरं चाल," तिनं मला सांगितलं. "दोघी बी मागं न्हाय बगायचं."

मी पुढे चालू लागले. मागून नीलम्माची पावलं येत होती आणि आणखी काही येत होतं की नाही ते मी ऐकत नव्हते. मी कॅलेंडर बघितलं, दार बघितलं, उंबरा बघितला. उंबऱ्यापाशी अमरेश उभा होता, आईची पिशवी हातात घेऊन. तो मला काहीतरी विचारणार होता. मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथून खाली, आईच्या कमरेएवढी खाली गेली.

त्याच्या हातातली पिशवी खाली पडली. घुशी पकडणारा तो माणूस दारातून बाजूला झाला. एकट्या म्हातारीला लागेल त्याहून जास्त जागा सोडून तो भिंतीला टेकला.

"ये, अक्का," तो म्हणाला.